दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर

नाझिया,

काल तुमच्या गल्लीतून गेले. जायचं काही कारण नव्हतं. भाजी घ्यायला निघाले होते आणि भाजीबाजार दुसऱ्या बाजूला आहे हे मलाही माहीत आहे. तुमच्या घराला आतून चुना देणं चाललं होतं, दार सताड उघडं. ज्या कोपऱ्यात तू पाय पसरून बसायचीस आणि अम्मी ओरडायच्या की पाहुणे आलेत, पाय जवळ घे, तिथं रंगाऱ्यानं बादली ठेवली होती. नवे भाडेकरू कुणी शिक्षक आहेत म्हणे. मी उंबऱ्याशी थांबले तर रंगाऱ्यानं विचारलं, "कोण पाहिजे?" कोण पाहिजे ते त्याला सांगून उपयोग नव्हता. "काही नाही," म्हणाले आणि भाजी न घेताच घरी आले.

तू गेल्यापासून माझं हे असं चाललंय. कॉलेजच्या ग्रंथालयात दुपारी सामसूम झाली की मी माझ्या टेबलावरून दाराकडं बघते. शिपाई दोन कप चहा आणायचा, तो अजूनही दोनच आणतो. मी त्याला सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. दुसरा कप तिथंच गार होतो.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. मी मागच्या बाकावर होते. एकेक जण उठून बोलत होता. जिल्ह्याचं नाव काढणारी मुलगी, अर्थशास्त्राची तरुण अभ्यासक, स्त्रिया आणि विकास या विषयावर एवढ्या लहान वयात एवढं काम. सगळं खरंच होतं, पण ऐकताना मला वाटत राहिलं की हे कुणाबद्दल बोलतायत? तू पेरूला मिठापेक्षा तिखट जास्त लावायचीस आणि नाक पुसत पुढची फोड उचलायचीस, हे कुणी बोललं नाही. तुला वादात हरता येत नव्हतं, हेही कुणी बोललं नाही. मला उठवलं तेव्हा मी "चांगली होती" एवढं म्हणून खाली बसले. तुझ्याबद्दल चांगलं बोलायची मला सवय कुठं होती? आपलं सगळं भांडणावर चालायचं.

आणि भांडण तर अर्ध्यावर राहिलं. बालाजीचा तो कागद उन्हाळाभर माझ्या कपाटात साड्यांखाली होता. माझा धाकटा भाऊ, एकुलता. अण्णा गेल्यावर त्यानं हक्कसोडीचा मसुदा करून आणला. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी सोडते, भावाच्या नावे करते, असं बहिणीनं लिहून द्यायचं. आपल्याकडं ही रीतच आहे. बदल्यात काही मिळत नाही, माहेर तेवढं राहतं. तू म्हणायचीस, सही करू नका. मी म्हणायचे, करणार. त्या कागदाचं पुढं काय झालं तेच सांगायला आज बसलेय, पण सरळ तोंडातून निघत नाही. आधी जरा इकडचं तिकडचं बोलू दे.

तुझा सगळा अभ्यास याच एका प्रश्नाचा होता, बहिणी सही का करतात? कायद्यानं वाटा मिळतो, तरी घेत का नाहीत? हैदराबादेत राहून तू त्यावर पुस्तकं वाचलीस आणि मग टॅब घेऊन घरी आलीस. टॅबमध्ये उत्तराचे तीन पर्याय होते: स्वखुशीनं, दबावामुळं, आणि माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मला दाखवलंस तेव्हा तुझा चेहरा नवा फ्रॉक घातलेल्या पोरीसारखा होता. मी म्हणाले, "तीनच?" तू म्हणालीस, "ताई, चौथा लागला तर टाकू की. सध्या तीन बास हायेत."

मग गेल्या वर्षीची नागपंचमी आली आणि तुझ्या डोक्यात ती जगावेगळी कल्पना आली. पंचमीला लेकी माहेरी येतात, एकेका गावात दहा-वीस जणी आयत्या सापडतात, मग सासरोसासरी कशाला हिंडायचं? तू शिरड शहापूर गाठलंस. दोन दिवसांनी माझ्यासमोर उभी राहिलीस ती एका हाताला मेंदी आणि दुसऱ्या हातात टॅब घेऊन.

"ताई, सगळ्या एका जागी घावल्या. वर्षभर फिरून भेटल्या नसत्या इतक्या."

"अन् काय म्हणाल्या?"

"स्वखुशीनं." तू खुर्चीत बसलीस. "सगळ्याच्या सगळ्या. एकीवर बी दबाव न्हाई. माझं तर कामच उलटं पडून राहिलं ताई."

"कुठं बसून विचारलंस?"

"कुठं म्हंजे? त्यांच्याच ओट्यावर. भावानं चहा सांगितला, बिस्किटं सांगितली."

"अन् भाऊ कुठं होता?"

"तिथंच की. बशी घेऊन."

मी एवढी हसले की अभ्यास करणारी पोरं माना वर करून बघायला लागली. तुझा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. तू हिंगोलीत जन्मलेली. तुझी आई उभा जन्म गावोगाव फिरून बायकांच्या हातात बांगड्या भरत आलेली. आणि तुला एवढं कळू नये? पंचमीला माहेरी आलेली बाई, पोटात भावजयीच्या हातचं पुरण, अन् ती भावाच्या देखत म्हणेल की याच्या भीतीनं सही केली? खाल्ल्या घरचे वासे कोण मोजतं? मी तुला हे सगळं ऐकवलं, जरा जास्तच ऐकवलं. तू टॅब पिशवीत टाकलास आणि म्हणालीस, "बराबर हाय. हसा. पर त्या मला दुसऱ्या कुठं भेटणार ते बी सांगा."

मग तू सासरं धरलीस. त्यात नरसीची गयाबाई होती. शिरडच्या ओट्यावर तिनं "भाऊच हाय ना शेवटी, आपल्या खुशीनं दिलं" म्हणून सांगितलं होतं. नरसीत तिचा नवरा शेजारी बाज टाकून बसला होता. तो म्हणाला, "सांग की, सांग मॅडमला, लिहून घेतेत त्या." आणि गयाबाई म्हणाली, "फशिवलं भावानं. वाचून न्हाई दाखवलं, अंगठा घेतला." तू मुकाट्यानं तेही टिपलंस. घरी न जाता बसस्टँडवरून थेट माझ्याकडं आलीस आणि म्हणालीस, "ताई, ही बाई एक हाय का दोन?" तेव्हा मात्र मी हसले नाही. तू खरंच घाबरलेली दिसलीस.

पुढचं तू एकटीनं शोधलंस, त्याचं श्रेय मी घेणार नाही. उलट मी त्याचीही टवाळी केली. भाऊबीज झाली की बायका माहेराहून सासरी परतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर त्या एकट्याच निघतात, कुणी पोचवायला लागत नाही. मांडीवर फराळाचा डबा, पायात पिशव्या, भाचरांनी हात हलवून निरोप दिलेला, आणि तासा-दोन तासांचा रस्ता. तू म्हणालीस, मी त्यांच्या शेजारी बसणार. मी म्हणाले, "एसटीत सर्वे? कंडक्टर खाली उतरवील तुला." तर कंडक्टरांनीच तुला सांभाळून घेतलं. नंतर नंतर ते विचारायचे, "मॅडम, आज कोणाच्या माहेराहून?" तू टॅब काढायचीच नाहीस, बाई उतरली की मग लिहायचीस.

गयाबाई तुला परत भेटली, औंढ्याच्या पुढं. तिनं तुला ओळखलं, सरकून जागा दिली, हातावर चकली ठेवली. तू काही विचारायच्या आधीच म्हणाली, "तुमी मागं दोनदा इचारलं अन् मी दोनदा येगळं सांगितलं. राग न्हाई ना आला?" मग खिडकीकडं बघत म्हणाली, "मला वाटा पाहिजे व्हता बाई. अन् दिला बी मीच, कोणी गळा न्हाई धरला. मागितला असता तर भावजयीनं तांब्या समोर आणला नसता. आपल्याच माहेरात आपल्या हातानं पाणी घ्यावं लागतंय मग." हिंगोली येईपर्यंत ती बोलत होती आणि स्टँडवर उतरताना पदर नीट करून म्हणाली, "आता सासर लागलं, बास."

तू हे सांगत असताना तुझे डोळे चमकत होते. "कोणत्या खान्यात टाकू ताई हिला? तिन्हीत बसत न्हाई." मी म्हणाले, चौथा खाना कर. त्या दिवशी आपण दोघींनी मिळून तीन पेरू खाल्ले आणि भांडलो नाही. माझ्या सगळ्या वर्षांत इतकी बरी दुपार मला फार आठवत नाही. तुला हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

माझं काय होतं सांग बरं तू यायच्या आधी? नवऱ्यानं टाकलेली बाई गावात कुणाकडं फार बसत-उठत नाही. गेली तर लोक दोन दिवस हळहळतात आणि तिसऱ्या दिवसापासून आपल्या नवऱ्याला जपतात. मी पुस्तकांना नंबर घालत होते आणि सणावाराला माहेरी, डोंगरकड्याला जात होते. तू विद्यार्थिनी असल्यापासून माझ्याशी हुज्जत घालायचीस, एका वेळी दोनच पुस्तकं मिळतात म्हणून. हैदराबादेला गेलीस, वाटलं गेली. तर तिथूनही फोन, "ताई, तुमी काल जे बोलल्या ना, ते चूक हाय." काल म्हणजे आठवडा झालेला असायचा. एवढे दिवस कुणीतरी माझं वाक्य डोक्यात घेऊन फिरत होतं, याचं मला केवढं अप्रूप वाटायचं.

एकदा चहा पिताना तू मला तुझ्या विषयातलं सांगितलंस. घरात कोण किती जोरानं बोलू शकतं, हे तिच्या मागं दुसरं दार किती उघडं आहे यावर असतं. भांडण मोडलं तर जायला जागा असेल तर बाई 'न्हाई' म्हणते. जागा नसेल तर तिचं 'व्हय' धरून चालू नये. मी म्हणाले, हे सांगायला हैदराबाद कशाला पाहिजे, हे आमच्या गल्लीतली कुणीही सांगेल. तू म्हणालीस, "सांगंल. पर मोजून दाखवंल का?" आणि जीभ दाखवलीस. एवढी मोठी संशोधक, जीभ दाखवते.

बसमधला तुझा आनंदही फार दिवस टिकला नाही. तुझ्या हैदराबादच्या मॅडमनी काही विचारायच्या आधी तूच एक दिवस गप्प गप्प आलीस. "ताई, चूक झाली माझी परत." मी विचारलं, आता काय? "ज्या बायांनी वाटा मागितला, भांडून घेतला, त्या या बसमध्ये न्हाईतच ना. त्यांना भाऊबीजेला कोण बलावतंय? त्या घरी बसून असतील, अन् मी बसमध्ये बसून म्हणते की बायांना ईचारलं." मग म्हणालीस की पुढच्या वर्षी त्यांनाच शोधते, सणाच्या दिवशी जाते, ज्या घरात बाई एकटी बसलेली असेल तिथं. पंचमीच्या दिवशी अशा बाईचं दार वाजवायला तुझ्याशिवाय दुसरं कोण निघालं असतं?

आणि मग माझाच कागद आला.

बालाजीबद्दल तू एक शब्द वाईट बोलली नाहीस, हे मी विसरले नाही. तुला मी डोंगरकड्याला नेलं होतं तेव्हा त्यानं तुला केळीचं सगळं रान फिरवून दाखवलं. मंदानं, माझ्या भावजयीनं, तुला परत निघताना केळीची फणी दिली आणि तू ती बसमध्येच वाटून संपवलीस. बालाजीनं मला हळूच विचारलं होतं, "अक्का, ही बाई सरकारची हाय का?" मी म्हणाले, माझी आहे. तुला मी सांगितलेलं होतं की माझ्या नवऱ्यानं मला हाकललं तेव्हा हाच भाऊ, मिसरूडही न फुटलेला, कुणाचा तरी टेम्पो घेऊन माझ्या सासरच्या दारात आला होता. भांडला नाही, बोलला नाही. माझी पेटी उचलली, शिलाई मशीन उचललं आणि म्हणाला, "चल अक्का."

"मग त्याला मी न्हाई कसं म्हणू?" हा माझा मुद्दा होता. तुझा मुद्दा, की त्यानं पेटी उचलली ती बहीण म्हणून. त्याची किंमत जमिनीनं फेडायची असेल तर तो टेम्पो भाड्याचा होता असं म्हणा. मी चिडले. मी म्हणाले, तुमच्या घरी वाटायला होतं काय? बांगड्यांची हातगाडी आणि भाड्याच्या दोन खोल्या. तुला काय जातं बोलायला. तू हसलीस, "ते बी बराबर हाय." तुला असं काही बोललं तर लागायचं नाही. मला वाटतं लागायचं, पण दाखवायची नाहीस.

दर आठवड्याला हेच. तू म्हणायचीस, म्हातारपणी काय कराल? भाड्याच्या खोलीत, पेन्शन तुटपुंजी. निदान नाव तरी राहू द्या, विकू नका, करायला त्यालाच द्या. मी म्हणायचे, नाव ठेवलं तर मंदा बोलायची बंद होईल. मग पंचमीला मी कुठं जाऊ? तू म्हणालीस, "माझ्याकडं. अम्मी शीरखुर्मा करंल."

"पंचमीला शीरखुर्मा?"

"मग? नागोबाला दूध चालतंय, तुमाला काहून न्हाई चालत?"

मी हसले खरी, पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तुझं ते बोलणं मी खरं मानून बघितलं. पंचमी, तुमचं घर, तू आणि अम्मी आणि मी. वाईट नव्हतं. चांगलंच होतं. दुसऱ्या दिवशी मी तो कागद कपाटातल्या साड्यांखाली आणखी आत सरकवला.

शेवटचं भांडण ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर झालं. तुला पुण्याहून नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं आणि ते मला तू सांगायच्या आधी दुसऱ्याकडून कळलं होतं. मी त्या रागात होते. तू परत कागदाचं काढलंस. मी म्हणाले, "सही करणार मी. बालाजीशिवाय मला कोण आहे?"

"मग मी कोण?" तू विचारलंस.

"तू जाशील. पुण्याला जाशील, लग्न करशील. तू काय इथं राहणार आहेस का माझ्यासाठी?"

तू पिशवी खांद्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "विचार करून सांगते ताई. तोपर्यंत सही करू नका." आणि गेलीस. ताप त्यानंतर आला. मला वाटलं रुसली असशील, म्हणून मीही फोन केला नाही. मग कळलं की नांदेडला हलवलंय. मी सकाळची बस धरून पोचले तोवर सगळं झालं होतं.

अम्मींजवळ बसून होते. त्या रडत नव्हत्या. माझं मनगट हातात धरून बांगडी बसते की नाही ते बघितल्यासारखी बोटं फिरवत होत्या. म्हणाल्या, "तुमच्याशी भांडून आली की लई खूश राहायची. दारातूनच सांगायची, अम्मी, आज ताईला हरवलं." तुला घेऊन पुरुष गेले. बायकांनी जायचं नसतं, तुमच्यातही आणि आमच्यातही. आम्ही दोघी दाराशी उभ्या राहिलो. कुठं ठेवलंय तुला, ते मला कब्रस्तानच्या भिंतीबाहेरूनच माहीत आहे.

चाळिसावा दिवस झाला आणि तुझा भाई अम्मींना परभणीला घेऊन गेला. निघताना मला म्हणाल्या, "परभणीला या हं." मग स्वतःच हसल्या, "मीच आता तिथं पाहुणी." घर रिकामं झालं.

त्यानंतर माझ्याकडं कुणी फारसं आलं नाही. आला तो बालाजी. पंचमीच्या आदल्या दिवशी, फोन न करता, स्वतः गाडी घेऊन. तुझ्याबद्दल म्हणाला, "लई चांगलं पोरगं होतं अक्का," आणि डोळे पुसले. खोटे नव्हते ते डोळे. म्हणाला, "चल, मंदानं पुरण शिजायला टाकलंय. एकटी नको राहू इथं." मी पिशवी भरली. साड्यांखालचा कागद मीच काढला आणि मीच पिशवीत ठेवला. त्यानं विचारलंही नव्हतं.

कळमनुरी जवळ आल्यावर म्हणाला, "ते कागदाचं उरकायचं का जाता जाता? न्हाई म्हणलीस तरी चालंल." आणि समोर रस्त्याकडं बघत राहिला. ते म्हणताना तो खरंच बोलत होता. आणि न्हाई म्हटलं तर पहिलं वर्ष चालेल, दुसऱ्या वर्षी मंदा तांब्या घेऊन पुढं येणार नाही, तिसऱ्या वर्षी गाडीला काही काम निघेल, हेही खरं होतं. मी म्हणाले, "उरकू."

कळमनुरीच्या नोंदणी कार्यालयात गर्दी नव्हती. साहेबांनी दस्त वाचून दाखवला. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "स्वखुशीनं देता ना, बाई? कोणाचा दबाव न्हाई ना?" तुझा प्रश्न, जसाच्या तसा, फक्त ओट्याऐवजी टेबल. भाऊ माझ्या मागं उभा होता. माझ्या मनात गयाबाई आली, शिरडच्या सगळ्या बायका आल्या. त्या खोटं बोलल्या असं तुला आणि मला वाटलं होतं ना? मला तिथं उभं राहून तसं वाटलं नाही.

"व्हय," मी म्हणाले. "स्वखुशीनं."

सही झाली. अंगठा यंत्रावर ठेवला तर उमटेना. तिथला मुलगा म्हणाला, पुसून परत ठेवा. म्हणजे मला आणखी एकदा विचार करायला मिळाला होता, नाझिया. मी अंगठा पदराला पुसला आणि दुसऱ्यांदा जास्त जोरानं दाबला.

तर हे असं आहे. मी सही केली. तू असतीस तर केली नसती. तू पुण्याला गेली असतीस, लग्न केलं असतंस, तरीही केली नसती, कारण पंचमीच्या दिवशी तू कुठूनही माझं दार वाजवायला आली असतीस हे मला आता पक्कं कळलंय. पायऱ्यांवर तू विचारलंस त्याचं उत्तर मी तेव्हाच द्यायला पाहिजे होतं. तू माझं दुसरं दार होतीस. तुझ्या जिवावर मी न्हाई म्हणणार होते.

डोंगरकड्याला पंचमी झकास झाली. मंदा तांब्या घेऊन फाटकापर्यंत आली. तिनं माझ्या हातावर मेंदी काढली, पोरींनी मला ओढून झोक्यावर बसवलं. जेवताना बालाजीनं माझ्या पुरणाच्या दिंडांवर एवढं तूप ओतलं की मी ओरडले. सगळे माझ्याशी नेहमीपेक्षा गोड वागले. एकानंही, चुकूनही, मला विचारलं नाही की अक्का, तू असं का केलंस.

तू आली असतीस. पहिली गाडी धरून, पिशवी खांद्याला, मंदाच्या देखत, बालाजीच्या देखत, अंगणात उभी राहून माझी खरडपट्टी काढली असतीस. माझ्या ताटातलं दिंड खात खात काढली असतीस. मी दिवस मावळेपर्यंत सारखी फाटकाकडं बघत होते. मंदानं दोनदा विचारलं, "कोणाची वाट बघून राहिल्या अक्का?"

मला कुणीच रागवायला आलं नाही.